तक्रार : मीटर उन्हात तापला की डोस कमी दाखवतो

प्रति,
सेवा विभाग प्रमुख,

किरणोत्सर्गाचा डोस मोजणाऱ्या तुमच्या सर्व्हे मीटरमध्ये किरण पडले की चमकणाऱ्या सीझियम आयोडाइडच्या स्फटिकामागे ६ मिमीचा सिलिकॉन फोटोमल्टिप्लायर, म्हणजे त्या चमकेचा विद्युत पल्स करणारी चिप, आहे. ब्रेकडाउन, म्हणजे चिप काम करू लागते तो व्होल्टेज, २४.५ व्होल्ट; त्यावर दिलेला जास्तीचा, म्हणजे ओव्हरव्होल्टेज, २.५. तापमान अंशाने वाढलं की ब्रेकडाउन साधारण २१.५ मिलिव्होल्टने चढतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. बायस, म्हणजे चिपला दिलेला एकूण व्होल्टेज, तेवढाच वाढवला नाही तर गेन पडतो, पल्स लहान होतात.

तुम्ही तो वाढवता, पण भलत्याच जागेचं तापमान बघून. तुमच्याच सर्व्हिस मॅन्युअलमधल्या आकृतीत तापमानाचा सेन्सर चार्जिंग सर्किटला खेटून आहे आणि फोटोमल्टिप्लायर पुढच्या ॲल्युमिनियमच्या नळीत. उन्हात नळी तापते, बोर्डाला पत्ता लागत नाही. पल्सच्या ऊर्जेच्या आलेखात (स्पेक्ट्रममध्ये) २५ अंशांना ६६२ केईव्ही ऊर्जेवर असलेलं सीझियम-१३७चं शिखर नळी ४२ अंशांवर गेली की ५५०च्या आसपास घसरतं. चार्जिंगला लावला की उलटं, शिखर वर सरकतं. डोस तुम्ही प्रत्येक पल्सच्या ऊर्जेवरून काढता, त्यामुळे आकडाही चुकतो.

यावर तुमच्या इंजिनिअरनी आधी बॅटरी बदलायला सांगितली. ती नवीच आहे म्हटल्यावर, “चेक सोर्स जुना झाला असेल.” म्हणजे मीटर तपासायचा सीझियमचा छोटा किरणस्रोत. सीझियम-१३७चं अर्धायुष्य ३० वर्षं. शिवाय सोर्स क्षीण झाला तर काउंट घटतात, शिखर जागचं हलत नाही. हे ऐकून घेऊन म्हणाले, “सर, मीटर सावलीत वापरा ना.” विदर्भात मे महिन्यात पाइपलाइनच्या वेल्डची रेडिओग्राफी, म्हणजे किरणांनी तपासणी, चालते, तिथे सावली कुठून आणायची? मॅन्युअलमध्ये ५० अंशांपर्यंत लिहिलंय, मी म्हटलं. “ते मीटर चालू राहतो या अर्थानं, सर.”

चालू राहतो! कॉर्डनची, म्हणजे लोकांना किरणांपासून लांब ठेवायची, दोरी कुठे बांधायची ते आम्ही याच आकड्यावर ठरवतो. दोरीपलीकडे माणसं उभी असतात.

मागच्या दुरुस्तीत तुम्ही फर्मवेअरमधला थ्रेशोल्ड, म्हणजे ज्याखालचे पल्स मोजत नाहीत ती मर्यादा, खाली आणून दिलात. त्याने गेन सुधारत नाही. डार्क काउंट, म्हणजे प्रकाश नसतानाही चिप देते ते खोटे पल्स, दर १० अंशांना जवळपास दुप्पट होतात, ते आता थ्रेशोल्ड ओलांडून मोजले जातात आणि दुपारी नुसतं बॅकग्राउंडही फुगतं. सेन्सर चुकीच्या जागी आहे, हे पुन्हा सांगतो.

थर्मिस्टर, म्हणजे तापमानाचा सेन्सर, फोटोमल्टिप्लायरच्या पाठीला चिकटवा, बायस त्यावर चालवा, जुना थ्रेशोल्ड परत द्या आणि १०, २५, ४५ अंशांवरचे सीझियमचे स्पेक्ट्रम लेखी पाठवा. पंधरा दिवसांत हे झालं नाही तर सगळे मीटर परत येतील, पैसे मागितले जातील आणि ही नोंद एईआरबीकडे, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळाकडे, जाईल.

रेडिओलॉजिकल सेफ्टी ऑफिसर