आणखी दोन वर्षं, आणि बाबांच्या गोळ्या

हरारे

ती. आई-बाबांना सा. न.

फोनवर सांगितलं असतं तर आई रडली असती आणि मी विरघळले असते, म्हणून लिहितेय. इथल्या औषधांच्या डोसच्या कामाचा करार दोन वर्षांनी वाढवला. सही झाली. रागावू नका, आधी ऐका.

बाबा, तुम्ही म्हणता तसं "आफ्रिकेतल्यांना आफ्रिकेचा डोस, संपलं" असं नसतं हो. झिम्बाब्वेत एचआयव्हीसाठी एफाविरेन्झची 600 मिलिग्रॅमची गोळी सगळ्यांना सरसकट रात्री दिली जायची. यकृतातलं सीवायपी2बी6 हे एन्झाइम ती मोडतं. इथे पाचांतल्या साधारण एकाला आई आणि वडील दोघांकडूनही त्याचं मंद रूपच आलेलं असतं. मग औषध साचतं. गोळीनंतर बारा तासांनी रक्त काढावं, तर मिलिलिटरला 4 मायक्रोग्रॅमच्या वर! गरगरतं, भयंकर स्वप्नं पडतात, भास होतात. माणूस कुणाला न सांगता गोळ्या सोडतो आणि विषाणू औषधाला जुमानेनासा होतो. खरं तर अशांना कमी डोस पुरतो.

इथिओपियात वेगळंच. तिथल्या एका तपासणीत सुमारे 29 टक्के लोकांत सीवायपी2डी6 या दुसऱ्या एन्झाइमच्या जनुकाच्या जादा प्रती निघाल्या. उत्तर युरोपात एक-दोन टक्के. कोडीन या दुखण्या-खोकल्यावरच्या औषधाचं शरीरात मॉर्फिन हेच एन्झाइम करतं. तिथे ते झपाट्याने होतं, गुंगी येते, श्वास मंदावतो. झिम्बाब्वेत मात्र त्याच एन्झाइमचं सुस्त रूप बरंच आढळतं, कोडीनचा गुण कमी येतो. फॉर्मवर नुसतं 'कृष्णवर्णीय' लिहून काय कळणार? आता एफाविरेन्झच्या जागी डोल्युटेग्रॅव्हिर हे दुसरं औषध आलंय हे खरं, पण टीबीच्या आयसोनियाझिडचं गणितही असंच माणसागणिक बदलतं.

आई, जेवणाची काळजी नको. तूरडाळ मिळते, आणि इथला सदझा म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकडच. शहर जवळजवळ 1,500 मीटरवर आहे, मलेरियाची भीती फारच कमी. थंडीत तुझी गोधडी घेते. अजूनही तोंडावरून.

आता मुकाट्याने ऐका. फडताळातलं कोडीनचं खोकल्याचं औषध चिंटूला एक चमचाही पाजू नका. बारा वर्षांखाली ते नकोच. बाबा, रक्ताची गुठळी होऊ नये म्हणूनच्या क्लोपिडोग्रेलबरोबर ॲसिडिटीसाठी ओमेप्राझोल घेता ना? क्लोपिडोग्रेलला कामाला लावणाऱ्या एन्झाइमलाच ते अडवतं, आणि आपल्या लोकांत ते एन्झाइम मुळातच मंद असलेले पुष्कळ. पॅन्टोप्राझोल चालेल का, हे डॉक्टरांना या आठवड्यातच विचारा. तोवर क्लोपिडोग्रेल एक दिवसही चुकवायची नाही. जोशीकाकांनी काहीही सांगितलं तरी.

तुमची,
मनू