चहा महागला नव्हता, स्वस्त झाला होता

संपादक महोदय,

अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा विषय निघाला की लोक सरळ सांगतात, चहा महागला म्हणून तिथली माणसं भडकली, पण खरं तर उलटं होतं. १७७३ च्या टी ॲक्ट या ब्रिटिश कायद्यानंतर ईस्ट इंडिया कंपनीचा चहा स्वस्तच पडणार होता, फक्त एक पाउंड वजनामागे ३ पेन्सचा जुना कर तसाच ठेवलेला आणि तो लावणाऱ्या लंडनच्या पार्लमेंटमध्ये अमेरिकेतल्या ब्रिटिश वसाहतींनी निवडून दिलेला एकही माणूस नव्हता, राग त्याचा होता! त्याआधी १७६५ चा स्टॅम्प ॲक्ट, म्हणजे वर्तमानपत्र, कोर्टाचे कागद, अगदी पत्त्यांच्या कॅटवरसुद्धा कर. १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री बॉस्टन बंदरात तिथल्या चिडलेल्या लोकांनी ३४२ पेट्या कुऱ्हाडीने फोडून चहा पाण्यात ओतला. मुलांना हे नीट शिकवा, एवढीच कळकळीची विनंती.

एक वाचक