कांद्याच्या चाळीत आम्हाला शिकवणाऱ्या मावशींना

मावशी, सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानले असते तर "असू दे गं" म्हणून तुम्ही विषय बदलला असता. म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय.

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला गटाने मिळून पर्यावरणपूरक डिझाइन करायचं होतं. आम्ही कांदा साठवायची चाळ, विजेशिवाय हवेशीर राहील अशी, करायचं ठरवलं. "गावात कशाला जाता? मॉडेल तयार मिळतात," हा आमच्या मार्गदर्शकांचा सल्ला. पुढे पहिल्या सादरीकरणात सगळ्यांदेखत विचारलं गेलं, "मोटर नाही, सेन्सर नाही, यात इंजिनिअरिंग कुठंय?" तो प्रश्न अजून मनाला लागतो.

तुमच्याकडेही आधी कुणी कुणी येऊन फोटो काढून गेले होते, परत फिरकले नव्हते. तरी तुम्ही निम्मी चाळ आमच्या हवाली केलीत. निफाडकडच्या माणसाला याचा अर्थ वेगळा सांगायला नको. उन्हाळ कांदा एप्रिल-मेमध्ये भरायचा आणि भाव बघत दिवाळीपर्यंत राखायचा. वर्षाची कमाई असते ती.

तुम्ही माझा हात धरून जुन्या ढिगात कोपरापर्यंत घातलात. आत दमट ऊब होती. काढणीनंतरही कांदा श्वास घेतो, उष्णता आणि बाष्प सोडतो, ढीग रुंद असला की ती मध्येच कोंडते. पुस्तकातलं हे वाक्य त्या दिवशी हाताला कळलं. मग राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयाच्या शिफारशी समोर ठेवून आपण मापं धरली: रुंदी ४ फूट, थराची उंची ५ फूट, तळ जमिनीपासून दीड-दोन फूट वर. खाली फटी ठेवून बांबू, पत्र्यावर उसाचं पाचट. गार हवा खालून शिरते, गरम वरून निघून जाते. भारनियमनात बंद पडेल असं त्यात काहीच नाही.

पण मावशी, मला सगळ्यात जास्त आठवतं ते तुमचं भिंतीवरचं कॅलेंडर. आम्ही परीक्षेत अडकलो, पावसाळा लागला, गावाकडे येणं जमेना. तुम्ही न सांगता दोन पाट्या वेगळ्या ठेवल्यात, एक जुन्या बाजूच्या सडक्या कांद्यांची, एक नव्या बाजूची. दर निवडणीला दोन्ही काट्यावर टांगून वजन त्या त्या तारखेच्या चौकोनात लिहिलंत. आषाढी एकादशीच्या चौकोनातसुद्धा बॉलपेनने दोन आकडे आहेत, उपवासाच्या दिवशी! नव्या बाजूचा आकडा बहुतेक वेळा लहान. तुलना कशी करायची हे आम्हाला चार वर्षं शिकवलं गेलं, तुम्हाला कुणीच शिकवलं नव्हतं. ती पानं आम्ही बाहेरून आलेल्या परीक्षकांसमोर ठेवली. त्यांनी ती एकेक करून शांतपणे वाचली आणि यात इंजिनिअरिंग कुठंय, हे मग कुणी विचारलं नाही.

ज्यांना आम्हाला शिकवण्याचा पगार मिळत होता त्यांनी वेळ दिला नाही. ज्यांचं आमच्यापायी नुकसान होऊ शकत होतं त्यांनी चाळ दिली, वर जेवल्याशिवाय एकदाही जाऊ दिलं नाही. अशी माणसं गावोगाव आहेत, म्हणूनच आमच्यासारख्या पोरांचं शिक्षण पुरं होतं. अहवालात त्यांची नावं 'सहकार्य' या एका शब्दाखाली येतात, याचा मला राग येतो.

यंदा ज्युनिअर मुलं उरलेली निम्मी चाळ बांधायला येणार आहेत. मी त्यांना सांगितलंय, आधी मावशींचं ऐका, मग टेप काढा. पाचट बदलायचं काम मात्र आमच्याच गटाचं, मृगाच्या आधी आम्ही सगळे येतोय.

तुमची,
चाळीतली पोरगी