बेडसोर गळ्याला पण होतो, नळीच्या नाडीखाली बघा

मा. संपादक,

बेडसोर, म्हणजे दाबानं होणारी जखम, म्हटलं की सगळ्यांचं लक्ष पाठीकडं आणि माकडहाडाकडं. एअर मॅट्रेस आणली, दोन तासांनी कूस बदलली की झालं असं घरच्यांना वाटतं आणि खरं सांगू का आमच्या स्टाफमधल्या बऱ्याच जणांना पण तसंच वाटतं. पण ज्या पेशंटला ट्रॅकिओस्टॉमी केलीय, म्हणजे श्वासासाठी गळ्यातून नळी टाकलीय, त्याला जखम त्या नळीच्या पट्टीखालीच, म्हणजे गळ्यावर बाहेर राहणाऱ्या नळीच्या आडव्या भागाखालीच, होऊ शकते. पट्टी गळ्याला टेकलेली, सुरुवातीला तर टाके घालून पक्की केलेली, त्यात मानेला सूज, वरून नळी धरून ठेवणारी मानेभोवतीची नाडी आवळलेली, व्हेंटिलेटरचा पाइप एका बाजूला ओढतोय आणि बेडक्याचा ओलावा दिवसरात्र, मग कातडी टिकणार कशी? बरं, नळीचा श्वासनलिकेतला फुगा फुगवलेला असला की पेशंटचा आवाज फुटत नाही, त्यामुळे टोचतंय, दुखतंय हे तो सांगणार तरी कसं.

म्हणून रोज किमान एकदा पट्टी आणि नाडीखाली, मानेच्या मागच्या बाजूला सुद्धा, टॉर्च मारून बघायलाच पाहिजे. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, तिथं हात लावून बघायचं, आजूबाजूपेक्षा गरम लागतंय का, कडक झालंय का. पट्टीखालचं गॉज, म्हणजे जाळीदार कापड, ओलं झालं की लगेच बदलायचं, पट्टीखाली पातळ फोमचं ड्रेसिंग मिळतं ते हॉस्पिटलकडं मागायचं, आणि घरी कात्रीनं कापलेलं गॉज नको, त्याचे धागे नळीतून आत जातात. नाडीखाली एक बोट जाईल इतकीच ढील ठेवा, जास्त सैल सोडली तर नळीच बाहेर येते. नाडी बदलताना दोघं पाहिजेत, एकानं नळी धरून ठेवायची, हे एकट्या मावशीवर टाकू नका.

माकडहाडाचं पण यांच्यात जरा वेगळं असतं. नळीतून अन्न देणं, म्हणजे फीड, चालू म्हणून डोकं उंच ठेवतात, मग पेशंट हळूहळू खाली सरकतो आणि त्या घासण्यानं कातडी आतून सोलते, त्यामुळे डोकं वर करायच्या आधी गुडघे थोडे वाकवून घ्यावेत. आणि ती रबरी रिंग आणि स्पिरिट लावून मालिश, कृपा करून दोन्ही बंद करा, रिंगच्या कडेवर दाब पडून तिथला रक्तपुरवठा तुटतो, आणि लाल झालेली जागा चोळली की आतलं नुकसान वाढतं. आमच्या जुन्या सिस्टरांनी आम्हाला रिंग आणि मालिश हेच शिकवलं होतं, पण आता ते चुकीचं ठरलंय.

हे टाळता येतं बरं का. अमेरिकेतल्या एका मुलांच्या हॉस्पिटलनं नळीखालची कातडी वारंवार तपासणं, ओलावा शोषणारं ड्रेसिंग आणि दाब न देणारी नळी एवढंच नेमानं केलं तर अशा जखमा 8.1 टक्क्यांवरून 0.3 टक्क्यांवर आल्या, 2012 मध्ये 'पीडियाट्रिक्स' जर्नलमध्ये छापून आलंय. यात महागडं मशीन कुठंच नाही.

आपल्याकडं डिस्चार्जच्या वेळी सक्शन, म्हणजे नळीतला बेडका ओढून काढणं, घाईघाईत दाखवतात आणि फाइल हातात देतात. माझं म्हणणं एवढंच आहे की सरकारी असो की खासगी, नातेवाइकाच्या हातून नाडी आणि ड्रेसिंग निदान दोनदा बदलून घेतल्याशिवाय ट्रॅकिओस्टॉमीच्या पेशंटला घरी सोडूच नये, आणि डिस्चार्ज कार्डवर मराठीत लिहून द्यावं की जखम दिसली, वास आला किंवा रक्त आलं तर कुणाला फोन करायचा.

– एक आयसीयू स्टाफ नर्स, सोलापूर