स्पिटफायरची फळी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही गाडीचं विचारलंत आणि मी नुसतं "डॅशबोर्ड चाललाय" म्हणालो. लाकडाची गोष्ट तुम्हाला दोन वाक्यांत सांगणं जिवावर आलं, म्हणून हे पत्र.

गाडी ट्रायम्फ स्पिटफायर 1500. हे मॉडेल 1974 ते 1980 या काळात इंग्लंडात निघत होतं. गाडी उघडी, त्यामुळे डॅशबोर्डावर थेट ऊन आणि कधी पाऊसही. मूळ फळी प्लायवूडची, वर अक्रोडाचं व्हिनिअर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा. वॉर्निश तडकलं, भेगांतून ओल शिरली आणि खालच्या कडेला प्लायचे थर सुटले. तरी ती फळी मी टाकली नाही. मीटरांची भोकं, स्विचांच्या जागा, कडांची गोलाई, नव्या फळीसाठी सगळ्याचा फर्मा तीच.

व्हिनिअर घेतलं अक्रोडाच्या बुंध्यावरच्या गाठीचं. दिसायला अप्रतिम, पण हातात येतं ते वाळक्या पानासारखं वेडंवाकडं आणि ठिसूळ. पाण्यात थोडं ग्लिसरीन घालून फवारायचं, कागदांत गुंडाळून दोन फळ्यांमध्ये दाबायचं, कागद ओले झाले की बदलायचे. चार दिवसांनी ते सपाट झालं. एकापाठोपाठ कापलेले दोन पापुद्रे पुस्तकासारखे उघडून जोडले, म्हणजे डावीकडची नक्षी उजवीकडे आरशातल्यासारखी उमटते. सांधा बरोबर मधोमध आणला.

आणि इथेच चुकलो. व्हिनिअर फक्त पुढून चिकटवलं. क्लॅम्प सोडले तेव्हा फळी सरळ होती, दोन दिवसांत धनुष्यासारखी वाकली. गोंद सुकताना व्हिनिअर आक्रसतं आणि फळीला आपल्याकडे ओढतं. तो ताण तोलायला मागच्या बाजूलाही व्हिनिअर लागतंच, ते कुणाला दिसणार नसलं तरी. बाबा, ती फळी बाजूला ठेवताना फार वाईट वाटलं. दुसऱ्या वेळी दोन्ही बाजू एकदम दाबल्या. गॅरेजमधल्या थंडीत गोंद धरत नाही, म्हणून रात्रभर सगळं बिऱ्हाड घरात.

भोकं पाडताना खाली रद्दी प्लाय घट्ट बांधला, नाहीतर कड फुटते. लहान मीटरांना 52 मिलिमीटरचं भोक. मग वॉर्निशचे दहा हात, दर दोन हातांनंतर ओल्या पॉलिश पेपरने घासणं, शेवटी 2000 नंबरचा पेपर. घाई केली की खालचा हात ओला राहतो आणि महिन्याने सुरकुत्या पडतात, म्हणून मी थांबत गेलो.

मीटर बसवल्यावर पेट्रोल आणि तापमान दोन्ही काटे वर जाऊन बसले. टाकीत तर जेमतेम तळाला पेट्रोल. या दोन मीटरांना साधारण 10 व्होल्ट स्थिर दाब देणारा छोटा स्टॅबिलायझर असतो. त्याची अर्थिंगची वायर मी जोडलीच नव्हती, म्हणून बॅटरीचा पूर्ण दाब मीटरांवर येत होता. लाकडातून वीज जात नाही, तेव्हा मागच्या प्रत्येक वस्तूला स्वतंत्र अर्थिंग द्यावं लागतं. काळी वायर ओढली आणि काटे जागेवर आले. रात्री मीटरांचे दिवे लावून कितीतरी वेळ नुसता बसून होतो.

उरलेल्या व्हिनिअरचा वीतभर तुकडा पाकिटात घालतोय. ओल्या बोटाने पुसून उन्हात धरा, मग नक्षी दिसेल. आईला नमस्कार.

आपला,
धाकटा