गोव्यात राहिलेल्या हायलँडर पलटणीचा इतिहास

माननीय संपादक, सप्रेम नमस्कार.

दोना पावल येथे राजभवनाजवळ असलेली ब्रिटिश दफनभूमी पाहिली की पोर्तुगीजांच्या गोव्यात इंग्रजांच्या कबरी कशा आल्या, हे कोडे पर्यटकांनाच नव्हे, तर इथल्या शिकलेल्या मंडळींनाही पडते. फ्रान्सशी चाललेल्या युद्धात गोवा फ्रेंचांच्या हाती पडू नये म्हणून १७९९ पासून १८१३ पर्यंत, मधला थोडा खंड सोडता, ब्रिटिश फौज इथे तळ देऊन होती. निशाण पोर्तुगालचे, कारभार पोर्तुगीज व्हाइसरॉयचा, पण बंदराच्या तोंडावरच्या किल्ल्यांत पहारा मात्र इंग्रजांचा, अशी ती विलक्षण अवस्था होती. या फौजेत १८०७ ते १८११ या काळात आलेल्या ७८ व्या हायलँडर्स या पायदळ पलटणीकडे मला वाचकांचे लक्ष वेधायचे आहे, कारण गोव्यात येण्यापूर्वीच तिची मराठ्यांशी गाठ पडलेली होती.

ही पलटण १७९३ मध्ये स्कॉटलंडच्या उत्तर भागात उभी राहिली. तिचे पुष्कळसे शिपाई गेलिक बोलणारे, रॉस परगण्यातले आणि लुईस बेटावरचे होते. १७९७ मध्ये ती हिंदुस्थानात आली आणि १८०३ मध्ये इंग्रज सेनापती आर्थर वेल्स्लीच्या सैन्याबरोबर दख्खनमध्ये उतरली. ऑगस्टमध्ये अहमदनगरच्या पेठेच्या तटावर शिड्या लावून चढणाऱ्यांत ती होती. पुढे २३ सप्टेंबर रोजी असईला, केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात, शिंद्यांच्या कवायती फौजेवर चालून जाणाऱ्या ओळीत ती अगदी डावीकडे, केळणेच्या अंगाला होती. तिच्यासमोर शिंद्यांचा तोफखाना होता. संगिनी अंगाला भिडेपर्यंत हे गोलंदाज तोफांपाशी उभे राहिले, आणि मेल्याचे सोंग घेऊन पडलेल्या काहींनी इंग्रजांची ओळ पुढे निघून जाताच उठून मागून पुन्हा तोफा डागल्या. हे सारे खुद्द इंग्रजांनीच लिहून ठेवले आहे. त्या एका दिवसात वेल्स्लीचे पंधराशेंहून अधिक लोक मेले किंवा जखमी झाले. ७८ व्या पलटणीला त्याबद्दल निशाणावर आणि बिल्ल्यावर हत्तीचे चिन्ह मिळाले. तो मान आमच्या गोलंदाजांच्या शौर्याचीही साक्ष देतो, असे माझे ठाम मत आहे.

असईनंतर चार वर्षांनी हीच माणसे गोव्यात आली. १८०७ च्या नोव्हेंबरात फ्रेंच सैन्य खुद्द पोर्तुगालमध्ये घुसले, तेव्हा गोव्याच्या किल्ल्यांचे महत्त्व एकाएकी वाढले. १८०८ च्या आरंभी इन्क्विझिशनची, म्हणजे धर्मद्रोहाचे खटले चालवणाऱ्या कॅथलिक न्यायासनाची, चौकशी करायला आलेल्या क्लॉडियस ब्यूकॅनन या इंग्रजांच्या पाद्र्याने इथे ब्रिटनच्या राजाच्या दोन पलटणी आणि देशी पायदळाच्या दोन पलटणी असल्याची नोंद केली आहे. १८११ मध्ये ७८ वी पलटण इथून मद्रासमार्गे जावाच्या स्वारीवर गेली.

लढाई झाली नाही, म्हणून पलटणीच्या इंग्रजी इतिहासांत गोव्यातल्या या चार वर्षांना जेमतेम दोन-चार ओळी मिळतात. त्यांच्या दृष्टीने ते स्वाभाविकही असेल. पण परके सैन्य इतकी वर्षे एखाद्या मुलखात राहते, तेव्हा त्याला धान्य, सरपण, होड्या, हमाल लागतात, बाजारातले भाव बदलतात, गुन्हा घडला तर खटला कोणी चालवायचा असा तंटा उभा राहतो. सासष्टी-बारदेशच्या रयतेला या पाहुण्यांचे काय भोगावे लागले, किंवा त्यांच्यापासून काय कमावता आले, हा आपल्या इतिहासाचा भाग आहे, आणि तो स्कॉटलंडमध्ये बसून कोणी लिहिणार नाही.

पणजीच्या पुराभिलेखागारात त्या काळातला पोर्तुगीज पत्रव्यवहार आहे. पोर्तुगीज वाचता येणारी पिढी झपाट्याने कमी होत चालली असताना, १७९९ ते १८१३ मधील ब्रिटिश फौजेसंबंधीचे निवडक कागद मराठी आणि कोकणी अनुवादासह छापण्याचे काम सरकारने अभ्यासकांकडे सोपवावे, ही माझी कळकळीची विनंती आहे. दोना पावलच्या दफनभूमीपाशीही ही फौज इथे का आली होती, हे सांगणारा मराठी आणि कोकणीतला फलक हवा. आपल्या रविवारच्या पुरवणीतून या विषयावर जाणकारांकडून लेखमाला लिहवून घेता आली, तर फार उपकार होतील.

आपला नम्र,
एक वाचक, डिचोली