पुन्हा रिकिबीत पाय

पुणे,
रविवार रात्र

प्रिय मनू,

‘खरंच उतरलीस का गं स्पर्धेत?’ हा तुझा मेसेज वाचला. उत्तर फोनवरही देता आलं असतं, पण फोनवर तू आधी पडलीस का तेच विचारशील आणि बाकीचं सगळं राहून जाईल. म्हणून सविस्तर लिहायला बसले आहे. उतरले, आणि पडले नाही. मुंबईत महालक्ष्मीला, अमॅच्युअर रायडर्स क्लबच्या मैदानात, घोड्यावरून अडथळे उडवण्याच्या स्पर्धेत, ८० सेंटिमीटर उंचीच्या गटात.

आपण एक मीटर दहा उडवायचो, हे तुझ्या डोक्यात आलंच असेल. हो, उडवायचो. पण ८० सेंटिमीटरलाही घोडा तितकाच सरळ आणावा लागतो. बेल वाजली की ४५ सेकंदांत स्टार्टची रेषा ओलांडायची असते, नाहीतर घड्याळ आपलं आपण चालू होतं, आणि तेव्हा घसा पूर्वीइतकाच कोरडा पडतो. या उंचीचा मला जरासुद्धा कमीपणा वाटला नाही. तुलाही वाटू नये, म्हणून हे आधीच सांगून टाकते.

आता घोड्याबद्दल. त्याचं नाव मल्हार. गडद कुमाईत, कपाळावर छोटा चांद, वय अकरा. थरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्या जातीचा आहे, आधी रेसचा होता. पुणे-मुंबईच्या ट्रॅकवर काही सीझन पळाला, मग पायाच्या दुखण्यामुळे निवृत्त झाला आणि रायडिंगकडे आला. असे घोडे आपल्या वेळीही होते, पण तेव्हा ते मोठ्यांच्या वाट्याला जायचे, आपल्याला मिळायची ती क्लबातली शहाणी म्हातारी घोडी. रेसच्या घोड्याला तरुणपणी एक गोष्ट पक्की शिकवलेली असते. लगाम आखडला, तोंडावर हाताचा भार आला, की त्या भारावर रेलायचं आणि पळायचं. म्हणजे आपण घाबरून जितकं ओढू तितका तो सुसाट जाणार. इतक्या वर्षांनी परतलेल्या माणसाचे हात आधी काय करतात? ओढतात. तेव्हा मल्हारला आणि मला एकमेकांपासून किती शिकायचं होतं याचा तूच अंदाज कर.

सगळा उन्हाळा आम्ही उडी अशी मारलीच नाही. जमिनीवर पोल, म्हणजे अडथळ्याचे लांब दांडे, मांडायचे, दुडकीसाठी सव्वा-दीड मीटरच्या आत अंतर ठेवून, आणि त्यांवरून नुसतं जायचं. वीस मीटरचे गोल, लगाम हळूहळू सैल सोडत. त्याची मान खाली, लांब येईपर्यंत तेच. आपल्या रायडिंगच्या सरांनी मला कित्येक आठवडे रिकिबीवर अर्धवट उभं राहून फिरवलं, बूड खोगिराला लागू न देता. मांड्या पेटायच्या. हातपाय काही विसरत नाहीत असं लोक म्हणतात, ते निम्मंच खरं आहे. तोल परत आला, टाच खाली गेली, पण सगळ्यात उशिरा आली ती नजर. अडथळ्याआधी किती स्ट्राइड, म्हणजे घोड्याच्या ढांगा, उरल्यात हे दिसणं. ते दिसेनासं झालं होतं, आणि न दिसणारी गोष्ट माणूस हाताने दुरुस्त करायला जातो.

तुला आठवतं ना, आपण कोर्स, म्हणजे अडथळ्यांमधली अंतरं, पायी मोजायचो ते? अजूनही तसंच चालतं. घोड्याची कँटरमधली, म्हणजे दुडकीपेक्षा वेगवान चालीतली, एक ढांग साधारण साडेतीन मीटरच्या वर, म्हणजे आपली चार मोठी पावलं. उतरण्याची दोन, उचलीची दोन बाजूला ठेवायची, उरलेल्या पावलांना चारने भागायचं. १८ मीटर भरले की मध्ये चार स्ट्राइड. गणित तेव्हाही हेच होतं. फरक इतकाच की तेव्हा मला वाटायचं, त्या चार स्ट्राइड मी काढते. आता पटलंय, त्या घोडा काढतो. माझं काम वळणावर संपतं. तिथे लय द्यायची, सरळ करायचं आणि मग शेवटच्या तीन स्ट्राइडमध्ये त्याला त्याचं काम करू द्यायचं. मनू, हे ‘करू द्यायचं’ इतकं अवघड आहे की मीटर-सव्वा मीटर त्यापुढे काहीच नाही.

यावरून मी काप्रिलीबद्दल पुन्हा वाचलं. फेदेरिको काप्रिली, इटलीच्या घोडदळातला अधिकारी. १९०७ मध्ये, चाळिशीही गाठायच्या आत गेला. त्याच्याआधीचे फोटो पाहिलेस तर स्वार उडीत मागे रेललेले, पाय पुढे, लगाम ताणलेला, आणि घोड्याचं तोंड वर ओढलं गेलेलं. याने स्वार नसलेला घोडा कसा उडी मारतो ते पाहिलं आणि स्वाराला सांगितलं, पुढे झुक, घोड्याची पाठ मोकळी सोड, हात त्याच्या तोंडाच्या मागोमाग जाऊ दे. आज जगभर सगळे तसंच बसतात. आपल्या रिसालदारसाहेबांचं ‘एडी नीचे, नजर ऊपर’ हे त्याच घराण्यातलं. लहानपणी ती नुसती ओरड वाटायची.

मुंबईला घोडे रात्रीच नेले, उन्हाचा त्रास नको म्हणून. घाट उतरताना घोडा चारी पायांनी तोल सांभाळत उभा असतो, आपल्यासारखा डोळे मिटून बसत नाही, त्यामुळे पोचेपर्यंत तो खरोखर दमलेला असतो. सईसमामांनी, म्हणजे घोड्यांची देखभाल करणाऱ्या मामांनी, त्याला उतरवून आधी बराच वेळ हातात धरून चालवलं, पाणी दाखवलं, मग लसूणघास टाकली. मी पहाटे पोचले तेव्हा मामा खरारा करत होते. आणि तेवढ्यात पलीकडच्या ट्रॅकवर रेसच्या घोड्यांचं सकाळचं काम सुरू झालं.

टापा आधी लांबून ऐकू आल्या. मल्हारचं चघळणं थांबलं. तोंडातून गवताची काडी तशीच लोंबत होती. कान पुढे, ताठ. मान इतकी उंच केली की मामांचा हात आयाळीपर्यंत पोचेना. नाकपुड्या फुलल्या, त्यांच्या आतला गुलाबी रंग दिसला. घोडे समोरून गेले, तेव्हा त्याच्या अंगावरून, खांद्यापासून मागच्या पायापर्यंत, एक थरथर सरकत गेली. याच मैदानात तो पळाला होता. आता मला घेऊन हा ट्रॅककडेच निघणार की काय, असं वाटलं. मामा काही बोलले नाहीत, खरारा त्याच गतीने चालू ठेवला, मानेपासून पाठीवर, पाठीवरून मांडीवर. घोडे वळणाआड गेले. मल्हारने मोठा सुस्कारा सोडला, डोकं हलवलं आणि ती काडी खाल्ली. मी पाहत राहिले. त्याला शांत करायला मामांनी एकदाही दोरी ओढली नव्हती.

राउंडचं सगळं सांगत नाही, व्हिडिओ पाठवते. पण पाचवा अडथळा डबल होता, म्हणजे लागोपाठ दोन अडथळे, मध्ये एकच स्ट्राइड, साडेसात मीटरच्या आसपास, आणि बाहेर पडताना ऑक्सर, म्हणजे मागेपुढे पोल लावलेला रुंद अडथळा. वळणातून तो जरा जोरात आला. सगळं अंग सांगत होतं, ओढ. मी खांदे मागे घेतले, बोटं मिटली, श्वास सोडला आणि बोटं उघडली. तुला ठाऊकच आहे, घोड्याला कपाळाच्या अगदी समोरचं दिसत नाही. उचलीच्या क्षणी तो पोल त्याला दिसतच नसतो, आधी पाहिलेल्यावर विसंबून तो उडतो. असा प्राणी माझ्यासकट हवेत जातो, यापेक्षा मोठा विश्वास मला आयुष्यात कुणी दाखवलेला नाही. पहिला पोल, एक स्ट्राइड, ऑक्सर. टाप पोलला लागल्याचा आवाजसुद्धा नाही. क्लिअर राउंड, म्हणजे एकही पोल न पाडता, वेळेच्या आत.

जंप-ऑफला, म्हणजे क्लिअर गेलेल्यांच्या निर्णायक फेरीत, छोटं वळण घेतलं, मागच्या पायाने एक पोल गेला, चार फॉल्ट, म्हणजे दंडाचे गुण. रिबिन मिळाली नाही. मी त्याच्या गळ्याला मिठी मारून रडले, आणि ते रिबिनीसाठी नव्हतं.

आता तुझं. तुझ्या कॉलरबोनचा विषय मी मुद्दाम इतका वेळ टाळला. त्या दिवशी मी कुंपणाशी उभी होते, मला तो आवाज अजून आठवतो. त्यानंतर तू घोड्याचा फोटोसुद्धा घरात ठेवला नाहीस, आणि मी तुला कधी त्याबद्दल विचारलं नाही. तुला भीती वाटते, ती खरी आहे, ती मी खोटी ठरवणार नाही. पण काही गोष्टी बदलल्यात, त्या तुला माहीत असाव्यात. ऑक्सरच्या मागच्या पोलला आता सेफ्टी कप असतात, घोड्याचा पाय अडकला तर कप सुटतो आणि पोल खाली जातो, घोडा कोलांटी खाण्याचा धोका कमी होतो. मी एअर वेस्ट घालते. त्याची दोरी खोगिराला लावलेली असते, स्वार सुटला की गॅसची छोटी कुपी फुटून वेस्ट फुगतं, मान आणि छाती धरून ठेवतं. उतरताना दोरी आधी काढायची, एवढं लक्षात ठेवायचं. घोड्यावरून पडणं यामुळे निर्धोक होत नाही, हे तुला मी सांगायला नको. पण तेव्हा आपल्याकडे यातलं काहीच नव्हतं.

आणि उडी मारायलाच पाहिजे असं कुठे आहे? घोडेस्वारीत याआधी आपल्या देशाने काय काय केलं ते आठव. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत रघुबीर सिंग यांचं सुवर्ण, मग थेट ४१ वर्षांनी, २०२३ मध्ये चीनमधल्या हांगझोला ड्रेसाजच्या, म्हणजे घोड्याच्या शिस्तबद्ध हालचालींच्या प्रकारातल्या, संघाचं सुवर्ण, आणि त्या संघात आपल्या मुंबईचा हृदय छेडा. ड्रेसाजमध्ये एकही पोल नसतो. तुझा हात त्या कामासाठी माझ्यापेक्षा केव्हाही मऊ होता, हे सर आजही म्हणतात. तुझी चौकशी ते दर भेटीत करतात.

नाताळच्या सुट्टीत ये. आठवडाभर राहा. पहिले दोन दिवस नुसतं तबेल्यात बसू, मामांना चहा आणून देऊ, मल्हारला गाजरं घालू. तिसऱ्या दिवशी वाटलं तर क्लबातल्या शांत घोडीवर लंजच्या लांब दोरीवर गोल फिरत चाल आणि दुडकी, दोरी सरांच्या हातात. नाही वाटलं तर नाही. तुझे बूट माझ्या माळ्यावर आहेत, मी तेल लावून ठेवलेत. जुनं हेल्मेट मात्र आणू नकोस. त्याने एक जोरदार आपट खाल्ली आहे आणि वयही खूप झालंय, आतला फोम आता उपयोगाचा नाही. नवं इथे घेऊ, डोक्याचं माप मला कळव: भुवयांच्या बोटभर वरून टेप फिरवायची.

तुझी,
शुभी